बेस्ट गावातला कावा

"मुलगा कुठे असतो तुमचा?" असं कुणी विचारलं आणि मी "बेस्टमध्ये" म्हटलं, की पुढची पाच मिनिटं खुलाशात जातात. मुंबईच्या माझ्या नणंदेनं तर कपाळाला हात लावला होता. "एवढा इंजिनीअर झाला आणि शेवटी बसवरच लागला?"

तर तसं नाही. बेस्ट हे नेदरलँड्समधलं एक गाव आहे, आइंडहोव्हन शहराला खेटून वसलेलं. माझा मुलगा अमेय आणि सून मुग्धा तिथे सहा वर्षं राहतात. मी सांगलीची. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले. गेल्या मे महिन्यात तीन आठवडे त्यांच्याकडे जाऊन आले. ट्यूलिप मी पोचायच्या आत संपले होते. पवनचक्की एकच पाहिली आणि तीही बंद होती. त्यामुळे त्या दोन्हींची वर्णनं कृपया दुसऱ्या कुणाच्या प्रवासवर्णनात वाचावीत. मला सांगायचंय ते पाच दिवसांबद्दल, ज्यांत मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चोरटी झाले.

मंगळवार

मी गेले तेव्हा गावभर कापूस उडत होता. आपल्याकडे सावरीची बोंडं फुटली की उडतो, अगदी तसा. तिथे तो पॉपलरच्या झाडांचा. रस्त्याच्या कडेला कापसाच्या वळकट्या साचलेल्या, सायकलवाल्यांच्या केसांत कापूस, आणि कुणाला त्याचं काही नाही. पूर्वी या झाडांच्या लाकडाचे बूट करायचे म्हणे या गावात. लाकडाचे बूट घालून माणसं चालत कशी असतील, या विचारात मी गॅलरीत उभी होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून एक बाई वर आली. ठेंगणी, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, ओठांवर लालभडक लिपस्टिक. हातात पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड कोंबांची जुडी.

"आई, ही मोन्से," मुग्धा म्हणाली. "आमची खालची शेजारीण. मूळची स्पेनची. इथल्या माणसाशी लग्न करून आली. आता एकटीच असते."

मोन्सेनं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि जुडी माझ्या हातात दिली. ॲस्परॅगस. म्हणजे आपली शतावरीच की, तिची युरोपातली गोरी बहीण! मे महिन्यात तिथे लोक तिच्यासाठी वेडे होतात. मी तिला मोहरी-हिंगाची फोडणी दिली, हिरवी मिरची घातली आणि वरून दाण्याचं कूट.

"आई, अहो, ते नुसतं उकडून लोण्याबरोबर खातात," मुग्धा हळूच म्हणाली.

"खात असतील बिचारे," मी म्हटलं आणि एक वाटी खाली पाठवली. तासाभरात वाटी परत आली. रिकामी नव्हती, काठोकाठ ऑलिव्ह भरलेली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये हे ज्या बाईला कळतं, तिचं-माझं जमणार, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

संध्याकाळी, म्हणजे नऊ वाजता, कारण तिथे मेमध्ये दहापर्यंत लख्ख उजेड, मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले, तर आतून अमेयचा दबका आवाज आला.

"मी मोन्सेला सांगितलंय. या वेळी कावा नको म्हणून."

मी जागच्या जागी थांबले. तेहतीस वर्षं मी पोरींना गनिमी कावा शिकवला. शत्रू बेसावध असताना, अडचणीच्या जागी, थोड्या माणसांनिशी. कावा म्हटल्यावर माझे कान टवकारणारच. माझ्याविरुद्ध काही कट शिजतोय का? मला लवकर परत पाठवायचंय? की एखाद्या डॉक्टरकडे नेऊन गुडघे तपासायचेत? पाणी न पिताच मी खोलीत परतले.

बुधवार

सकाळी मोन्सेनं कॉफीला बोलावलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा फार छान झाल्या. अस्खलित बोलणाऱ्यांपुढे मला दडपण येतं.

"शनिवारी माझा वाढदिवस," ती म्हणाली. "सत्तर."

"अरे वा! मग मोठी पार्टी?"

"नो पार्टी. कॉफी आणि केक." तिनं खांदे उडवले. "नो कावा."

पुन्हा कावा! मी कप खाली ठेवला आणि विचारलं, की बाई, हा कावा आहे तरी काय?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि भिंतीवरचा एक फोटो काढून आणला. त्यात एका लांबलचक तळघरात एक किडकिडीत माणूस उभा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो बाटल्या, माना खाली करून टांगलेल्या. ते तिचे वडील. बार्सिलोनाच्या जवळच्या एका गावातले. कावा म्हणजे त्यांच्या भाषेत तळघर, आणि तिथे तयार होणाऱ्या बुडबुड्यांच्या वाइनलाही तेच नाव. जुन्या पद्धतीनं करायची तर ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, महिनोन् महिने. मग गाळ तोंडाशी यावा म्हणून रोज प्रत्येक बाटली हातानं थोडीशी फिरवायची. तिचे वडील दोन हातांनी एका वेळी दोन बाटल्या फिरवायचे.

"जेवताना टेबलावरची तेलाची बाटलीसुद्धा फिरवायचे," मोन्से हसत म्हणाली. "आई ओरडायची."

पण ते स्वतः कावा प्यायचे फक्त वाढदिवसाला. घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला एक बाटली, सगळ्यांत मिळून. मोन्से लग्न होऊन या थंड देशात आली, तेव्हापासून तिनं एकही वाढदिवस त्याशिवाय केला नव्हता. नवरा वारला त्या वर्षीसुद्धा नाही. गेली सहा वर्षं अमेय आणि मुग्धा त्या दिवशी तिच्याकडे असतात. बाटली अमेयच उघडतो.

"मग या वर्षी का नाही?"

ती अवघडली. "अमेय म्हणाला, मामा व्हेरी रिलिजस. मामासमोर नको." मामा म्हणजे त्याची आई, मी. आणि तिनं घाईघाईनं माझा हात थोपटला. "नो प्रॉब्लेम! तू पाहुणी. मला कॉफी आवडते."

मी धार्मिक वगैरे काही नाही. चतुर्थीचा उपाससुद्धा साबुदाण्याच्या खिचडीसाठी करते. पण अमेय असं का म्हणाला ते मला पक्कं माहीत होतं.

गुरुवार

माझे वडील, आबा, प्यायचे. मी दहा वर्षांची असल्यापासून आई मला त्यांना आणायला पाठवायची. दारूच्या दुकानाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, बाहेरूनच हाक मारायची, असा तिचा दंडक. मी खाली रस्त्यावर उभी राहून "आबा, घरी चला" म्हणत राहायचे. कधी येत, कधी नाही. अमेय परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर मी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, की बाटलीपासून लांब राहा. त्यानं मान डोलावली होती. पोरगा तेवीस वर्षांचा होता. दुसरं काय करणार?

रात्रभर विचार करून सकाळी मी ठरवलं. दोघं कामाला गेल्यावर छान कोयरीची सुती साडी नेसले, त्यावर अमेयचं जाकीट चढवलं, पायात बूट. कावा आइंडहोव्हनच्या कुठल्या दुकानात मिळतो, ते मोन्सेनं गप्पांत सांगितलं होतं. बेस्टचं स्टेशन जमिनीखाली आहे. तिथे गाडीत बसले आणि दुसऱ्या थांब्यावर आइंडहोव्हनला उतरले. सांगलीहून मिरजेला जावं इतकं सोपं. तीन जणांना विचारलं, तिघांनीही थांबून नीट सांगितलं, आणि एका आजोबांनी तर सायकलवरून उतरून कोपऱ्यापर्यंत सोबत केली.

दुकान समोर आलं आणि मी थांबले.

नुसतं काचेचं, उजेडाचं दुकान. आत जायला एकच पायरी. त्या एका पायरीशी मी दहा मिनिटं उभी होते. लोक माझ्या बाजूनं आत जात होते, बाहेर येत होते, हातात पिशवी घेऊन, भाजी घ्यावी तसे. कुणी झुलत नव्हतं. कुणाची मुलगी बाहेर उभी नव्हती, माझ्याशिवाय. मग एक म्हातारी बाई तिची चाकांची ढकलगाडी घेऊन आली आणि माझ्यासाठी दार उघडं धरून थांबली. आता तिला किती वेळ ताटकळत ठेवणार? गेले आत.

दुकानदारीण माझ्याच वयाची, नाकावर चष्मा. मी म्हटलं, "कावा." तिनं विचारलं, गोड हवी की कोरडी? ओली वस्तू कोरडी कशी असेल हे मला कळेना, पण मोन्सेचा स्वभाव आठवून "कोरडी" म्हटलं. "कुणासाठी भेट आहे का?"

"मैत्रिणीला. तिचे वडील या बाटल्या फिरवायचे," मी म्हटलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बाईनं हातातली बाटली परत फळीवर ठेवली, आत गेली आणि दुसरी घेऊन आली. ही हातानं फिरवलेली आहे, म्हणाली. चंदेरी कागद गुंडाळला, रिबिनीला कात्रीच्या धारेनं ओढून गोल गोल झिपऱ्या केल्या. मी बाटली हातात घेतली. केवढी जड! बुडाशी खोल खळगा, माझा अख्खा अंगठा आत गेला.

बाहेर आले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी स्टेशनवर समोर आली त्या गाडीत चढले. गाडी सुटली. पुढचा थांबा आला आणि गेला. बेस्टचा बोगदा आला, फलाट आला, "बेस्ट" अशी पाटी धाडधाड पाच वेळा खिडकीतून पळाली, आणि गाडी थांबलीच नाही. जलद गाडी! साडी, जाकीट, मांडीवर दारूची बाटली, आणि शैलाबाई निघाल्या कुठे, तर देवाला ठाऊक. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मला हसू फुटलं. एकटीच हसत बसले. समोरचा माणूस बाटलीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि मान हलवायचा.

तेवढ्यात अमेयचा फोन.

"आई, कुठे आहेस?"

"फिरायला आलेय."

"किती लांब?"

"थोडी लांब," मी म्हटलं. खिडकीबाहेर गायी पळत होत्या.

"जेवलीस का?"

"हो हो. ठेव आता, रस्ता ओलांडतेय."

डेन बॉस नावाच्या शहरात गाडी थांबली. तिथल्या तिकीट तपासणाऱ्या बाईला मी सगळं सांगितलं. तिनं दंड वगैरे काही केला नाही, हाताला धरून समोरच्या फलाटावर नेलं आणि सावकाश जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. वर "हॅपी बर्थडे" म्हणाली. वाढदिवस माझा नाही, हे सांगायच्या आत दार बंद झालं.

शुक्रवार

रात्री बाटली माझ्या बॅगेत, दोन साड्यांच्या मध्ये झोपली. पण मुग्धा कपडे धुवायला काढताना माझी बॅग उघडते. जागा बदलणं भाग होतं. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर प्रत्येकाला सायकली ठेवायला एक छोटी खोली असते, गार आणि अंधारी. मुग्धा शुक्रवारी घरून काम करते. तिची मीटिंग सुरू झाल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि खाली गेले.

सायकलींच्या मागे, जुन्या टायरपाशी, सोलापुरी चादरीचं एक गाठोडं होतं. चादर मीच लग्नात दिलेली. म्हटलं वा, याच्यातच गुंडाळू. गाठ सोडली, तर आत बाटल्या. मोजल्या. सहा. चादरीच्या आत शहाण्यासारख्या एकमेकींना टेकून बसलेल्या.

मी माझी सातवी हातात धरून तशीच उकिडवी बसले असताना मागे दार वाजलं. मुग्धा. कानात ते इयरफोन. आमची दोघींची तोंडं उघडी.

"आई, ह्या ना... ह्या तुम्ही यायच्या आधी वरच होत्या," ती कशीबशी म्हणाली. मग तिची नजर माझ्या हातातल्या झिपऱ्यावाल्या बाटलीवर गेली. "पण ही आमची नाही."

"ही माझी," मी म्हटलं.

मुग्धा मटकन खाली बसली. पहिल्यांदा तिला कळेचना हसावं की काय. मी तिला सगळं सांगितलं: मोन्सेची कॉफी, ती पायरी, डेन बॉस. डेन बॉसला पोचेपर्यंत ती पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्या कानात कुणीतरी इंग्रजीत विचारत होतं, मुग्धा, आर यू ओके?

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आई, तो फार घाबरला होता. मी म्हटलं होतं, सांगून टाक. वर्षातून चार वेळा ग्लासभर घेतो आपण, त्यात काय लपवायचं? तर म्हणाला, आईला मी सगळं सांगू शकतो, हे एक सोडून."

मी चादर पुन्हा नीट बांधली. सहा वर्षं दर रविवारी फोन, भाजी काय केलीस इथपर्यंत सगळं विचारणारी मी. आणि माझ्या पोराला माझ्यापासून एक गाठोडं लपवावं लागलं होतं.

"त्याला सांगू नकोस," मी म्हटलं.

"छे! आता तर मुळीच नाही," मुग्धा म्हणाली, आणि बाटली तिनं फ्रिजच्या खालच्या खणात, मेथीखाली पुरली. अमेयला मेथी आवडत नाही. तो तिकडे फिरकणार नव्हता.

शनिवार

डच वाढदिवस हा बघण्यासारखा प्रकार आहे. सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडतात आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्या गोलात फिरून एकेकाशी हात मिळवत अभिनंदन करतो. वाढदिवस कुणाचा का असेना, अभिनंदन सगळ्यांचं! मोन्सेची ऐंशी वर्षांची नणंद रिया हिनं माझा हात हातात घेतला आणि गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या शेजारणीबद्दल अभिनंदन." मी काय केलं होतं? पण मीही उठून सगळ्यांचं अभिनंदन केलं, अमेयचंसुद्धा. मग प्रत्येकाला केकचा एकच तुकडा, मोजून. आपल्याकडे "अजून घ्या, लाजू नका" नाही म्हटलं तर पाहुणा उपाशी जाईल. तिथे कुणी म्हणत नाही आणि कुणी उपाशी जात नाही.

मोन्सेनं लिपस्टिक लावली होती, पण टेबलावर संत्र्याचा रस होता. ती सगळ्यांना हसून वाढत होती. अमेय माझ्या शेजारी ताठ बसला होता.

मी पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि गोलाच्या मधोमध जाऊन मोन्सेच्या हातात दिली.

मोन्सेनं कागद सोडला, नाव वाचलं, आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. अमेय उभा राहिला होता. इतका पांढरा पडलेला चेहरा मी त्याचा दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"आई, हे तू..."

"उघड," मी म्हटलं. "दर वर्षी तूच उघडतोस ना?"

त्यानं बाटली हातात घेतली. मोन्सेनं सांगितलं, बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची, हळू. चांगला कावा उघडताना आवाज सुस्काऱ्याएवढाच यायला हवा. पण या कावानं जलद गाडीनं डेन बॉसची वारी केली होती, आणि मघाशी जिन्यात मी पिशवीसकट एकदा घसरले होते. सुस्कारा कसला! फाडकन बार उडाला, बूच छताला लागून रियाच्या केकवर पडलं, आणि फेस अमेयच्या शर्टावरून थेट बुटापर्यंत. रियाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मोन्से किंचाळली. मुग्धा एका हातानं पेले धरत होती आणि दुसऱ्या हातानं खुर्ची, पडू नये म्हणून. उरलं ते आठ जणांत घोट-घोट आलं.

"माझे वडील रागावले असते," मोन्से डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं फिरवून आणि असं सांडलं!"

"माझे वडीलसुद्धा बाटल्यांतच असायचे," मी म्हटलं. "पण असे नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पेल्यावर हात ठेवून फक्त म्हणाली, "तू नको घेऊस. खरंच."

"मी घेणार आहे," मी म्हटलं.

मग पेले उंचावायची वेळ आली. डच मंडळी "प्रोस्ट" म्हणाली, मोन्से "सालूत" म्हणाली आणि सगळे माझ्याकडे वळले. मराठीत काय म्हणतात?

आली का पंचाईत! तेहतीस वर्षं मास्तरकी करून मला शब्द सापडेना. आपल्याकडे यासाठी शब्दच नाही. मुग्धा खांदे उडवत होती. मग माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे आपण चहाचा कप पुढे करताना म्हणतो, ताट वाढल्यावर म्हणतो, पेढ्यांचा डबा धरून म्हणतो.

"घ्या!"

"ख्या!" अख्खा गोल घशातून ओरडला. त्यांना तेवढंच जमतं. "ख्या! ख्या!" रियाबाईंना तो शब्द इतका आवडला की त्यांनी आणखी तीनदा म्हटला.

मी घोट घेतला. आंबट, गार, हिरव्या सफरचंदासारखा, आणि लगेच नाकात शेकडो मुंग्या. मला जोरात शिंक आली आणि मग हसू, आणि हसताना पुन्हा शिंक. मोन्से माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. एवढंच होतं हे? एवढंसं, गार, पेल्यात मावणारं, आठ माणसांच्या मध्ये उजेडात धरलेलं.

डोळे पुसून पाहिलं तर अमेय ओल्या शर्टात तसाच उभा होता. हातातला पेला भरलेला, ओठांपासून वीतभर लांब. तो माझ्याकडे बघत होता.

"घे रे," मी म्हटलं.

त्यानं घेतला.